आपला कप कोण तपासणार?

शिरवळ सोडून महामार्गानं पेठ नाक्याकडं निघालं की दर थोड्या अंतरावर एक पाटी लागते : सेंद्रिय गुळाचा चहा. पाटीवर जागा उरली असेल तर पुढं शेपूटही असतं. साखर नाही, पित्त होत नाही, पचायला हलका, शुगरवाल्यांना चालतो. चहा बरा असतो, घ्यायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती एका दमात केलेल्या दोन वेगळ्या दाव्यांना. गूळ सेंद्रिय आहे हा एक दावा. तो तुम्हाला मानवेल हा दुसरा. पहिल्याचा निकाल प्रयोगशाळेत लागतो, दुसऱ्याचा तुमच्या पोटात आणि रक्तात. पहिला खरा निघाला म्हणून दुसरा आपोआप खरा होत नाही. पण अलीकडं आपल्याकडं हे दोन्ही एकाच पुडीत बांधून विकले जातात आणि आपण ती पुडी दीडपट पैसे मोजून घरी आणतो.

माझं म्हणणं असं आहे. अन्न स्वच्छ आहे की नाही हे बघण्याचं काम बाजाराचं आणि सरकारचं आहे, ते एकेकट्या गिऱ्हाइकाच्या खिशावर ढकलून चालणार नाही. आणि आपल्याला काय मानवतं हे ठरवण्याचं काम ज्याचं त्यानं करायचं आहे, ते पाटीवर सोडून चालणार नाही. सध्या बरोबर उलटं चाललंय. स्वच्छतेची जबाबदारी आपण घेतो, ज्यादा पैसे देऊन. आणि तब्येतीची जबाबदारी पाटी रंगवणाऱ्याकडं देतो.

आधी स्वच्छतेचं बघू. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ भागातल्या निर्यातदार द्राक्ष बागायतदाराला कधी निवांत गाठा. युरोपला माल पाठवायचा तर बागेची नोंद कृषी विभागाकडं करावी लागते. प्लॉटला नंबर पडतो. कधी काय फवारलं याची वही ठेवावी लागते. काढणीआधी बागेतून नमुना उचलला जातो, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रेसिड्यू, म्हणजे औषधाचा मालात उरलेला अंश, तपासला जातो आणि अहवाल नीट आला तरच पेटी भरायची. हे सगळं अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, 'ग्रेपनेट' या ऑनलाइन व्यवस्थेत नोंदलेलं असतं. पेटीवरून मागं बागेपर्यंत माग काढता येतो. एवढी शिस्त असूनही २०१० साली क्लोरमेक्वॅट या संजीवकाचा (वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचा) अंश युरोपात मर्यादेपेक्षा जास्त निघाला, कंटेनर अडकले आणि बागायतदार, निर्यातदार दोघंही पोळले. त्यानंतर तपासणी आणखी कडक झाली. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचं नाव गावातल्या पोरांनाही ठाऊक झालं.

म्हणजे आपल्या शेतकऱ्याला रेसिड्यू कशाशी खातात हे माहीत नाही, असं म्हणायची सोय नाही. कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं हे त्याला तोंडपाठ आहे. फक्त ही शिस्त रॉटरडॅमच्या बंदरात उतरणाऱ्या मालापुरती आहे. त्याच तालुक्यातली द्राक्षं सांगलीच्या हातगाडीवर येतात तेव्हा त्यांना ना नंबर असतो ना वही. वांगी, फ्लॉवर, मिरची, कोथिंबीर यांची तर बातच नको.

आठवडी बाजारात एका भाजीवाल्या मावशींना मी विचारलं, "मावशी, वांग्याला औषध मारलंय का?"

"मारल्याबिगर वांगं हुतंय व्हय, दादा? समदी अळीच निघंल."

"मग घरी हीच खाता?"

"घरची चार झाडं परड्यात हाईत की. त्यास्नी न्हाई मारत."

त्यांनी काही लपवलं नाही, आणि मला त्यांचा रागही आला नाही. किडकं वांगं आपणच बाजूला सारतो, चकचकीत उचलतो. पण परड्यातली चार झाडं ज्याच्याकडं नाहीत, फ्लॅटमध्ये राहणारा, झोपडपट्टीत राहणारा, वसतिगृहात जेवणारा, त्यानं काय करायचं? महागड्या दुकानातून हिरव्या पानाचं चित्र असलेली पिशवी आणायची, हे उत्तर फार थोड्यांना परवडतं. आणि ते उत्तरही पुरतं नाही.

कारण 'सेंद्रिय' प्रमाणपत्र नेमकं कशाचं असतं ते बघा. आपल्याकडं एनपीओपी ही सेंद्रिय प्रमाणपत्राची राष्ट्रीय व्यवस्था २००१ पासून आहे. तिच्यात त्रयस्थ संस्था येऊन शेत तपासते. दुसरी पीजीएस, जिच्यात शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेतं बघतात. २०१७ च्या नियमांनंतर पाकिटावर 'जैविक भारत'चं चिन्ह आलं. हंगामी पिकाला साधारण दोन वर्षं आणि बहुवार्षिक पिकाला तीन वर्षं रूपांतराचा, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडं वळण्याचा, काळ काढावा लागतो. हे प्रमाणपत्र पिकवण्याच्या पद्धतीचं आहे. तुमच्या हातातल्या पाकिटाची तपासणी झाली आहे, असं ते म्हणत नाही. कृष्णाकाठी एक-दीड एकराचे तुकडे. बांधापलीकडच्या उसात तणनाशक मारलं तर वारा काही सातबारा बघून वाहत नाही. त्यात वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असलेला छोटा उत्पादक थेट गिऱ्हाइकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्तीच नाही. ही सूट मला योग्य वाटते, नाहीतर छोटा माणूस कागदांतच मरेल. पण मग तिथं सगळा मामला विश्वासाचा उरतो, आणि महामार्गावरच्या पाटीला तेवढी पळवाट पुरते.

आता कपात जे पडतं त्याकडं येऊ. हळद आणि गूळ. दोन्ही आपल्याच भागातली पिकं, म्हणून त्यांच्याबद्दल जरा जास्त बोलतो.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षं टिकवून ठेवण्याची रीत होती. २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवं गेली. ती बघायला मिळाली तर जरूर बघा, माणसानं असलं काही करून ठेवलंय यावर विश्वास बसत नाही. पण सांगलीच्या सौद्यात येणारी सगळी हळद सांगलीत पिकत नाही. मराठवाड्यातून, तेलंगणातून, कर्नाटकातून माल येतो, सौदा इथं होतो, पुढं जातो. त्यामुळं 'सांगलीची हळद' असं पाकिटावर असलं म्हणजे ती आपल्या डोळ्यांसमोर पिकली असं होत नाही. हळदीतली खरी भीती शेतातल्या फवारणीपेक्षा नंतरची आहे. हळकुंड शिजवून, वाळवून ढोलात पॉलिश करतात. देशात-परदेशात अनेक ठिकाणी याच टप्प्यावर रंग चढवण्यासाठी लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं पिवळं रसायन, वापरल्याचं उघड झालं आहे. पावडरीत मेटॅनिल यलो मिसळण्याचे प्रकार तर जुनेच. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे आणि ते उकळून जात नाही. मग हळद घातलेलं दूध कितीही देशी गाईचं असो.

इथं बांगलादेशचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. तिथं २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीचे नमुने तपासले तेव्हा ४७ टक्क्यांत शिसं निघालं. सरकारनं लोकांना सावध केलं, घाऊक बाजारात हातात धरायच्या क्ष-किरण यंत्रानं तपासणी केली, दोषी व्यापाऱ्यांना दंड केला. २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आलं. तिथल्या लोकांनी 'ऑरगॅनिक हळद' विकत घेऊन हे घडलं नाही. पेठेत जाऊन तपासलं म्हणून घडलं, आणि मग गरिबाच्या भाजीतली हळदही स्वच्छ झाली.

गुळाचं तसंच. कऱ्हाड-पाटणकडच्या गुऱ्हाळावर थोडा वेळ उभं राहा. काहिलीत रस उकळायला लागला की वर मळी येते. भेंडीच्या झाडाचा चिकटा टाकून ती वर आणतात आणि झाऱ्यानं काढून टाकतात. चुन्याचं पाणी पडतं. नीट काढलेल्या गुळाचा रंग तपकिरी, तांबूस असतो. पण बाजारात दोन पैसे जास्त मिळतात ते पिवळ्याधमक ढेपेला, आणि तो रंग आणायला हायड्रॉस पावडर, म्हणजे रंग उजळवणारं गंधकाचं रसायन, पडते. गुळात सल्फर डायऑक्साइड ७० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ७० भागांच्या) वर नको असा नियम आहे. ढेप घेताना ते आकडे आपल्याला कोण दाखवतं? उसाला उतारा कमी पडला की काहिलीत साखर ओतली जाते ही तक्रार गूळवालेच एकमेकांबद्दल करतात. यात एक गोष्ट आपल्या हातातली आहे. काळपट गूळ 'खराब' म्हणून मागं ढकलणं बंद करायचं. ते फुकट होतं. त्याला कुठलं चिन्ह लागत नाही.

आणि एक विसरलेली बाजू. माण, खटाव, जत, आटपाडी. जिथं पाऊसच पडत नाही तिथं महागाची खतं-औषधं कुणी टाकायची? जिरायतातला हुलगा, मटकी, बाजरी यांच्यावर फवारणी बागायतापेक्षा पुष्कळ कमी होते. हे सगळं रसायनमुक्त आहे असा दावा मी करणार नाही. पेरणीला डीएपी हे रासायनिक खत पडतं, साठवणीत धान्याला किडीच्या गोळ्या लागतात. तरीही शहरातल्या 'सुपरफूड'च्या कपाटात दुप्पट-तिप्पट दरानं बसलेल्या पाकिटांशेजारी दुष्काळी पट्ट्यातला हुलगा साध्या पोत्यातून, पाटीशिवाय विकला जातो याची मला गंमत वाटते. गंमत म्हणजे चीड.

आता दुसरा प्रश्न : मानवतं का?

समजा गूळ अस्सल आहे, हळद स्वच्छ आहे, चहापत्ती प्रमाणित बागेतली आहे. तरी तो कप तुमच्यासाठी आहे का? गुळाच्या चहापासूनच सुरुवात करू, कारण इथं नुकसान रोजचं होतं. गूळ म्हणजे मुख्यत: साखरच. त्यात थोडी खनिजं जास्त, पण चमचाभर गुळातून मिळणारं लोह नगण्य. रक्तातली साखर तो जवळजवळ साखरेसारखीच वाढवतो. मधुमेही माणसानं 'गुळाचाच आहे' म्हणून दोन कप जास्त घेतले तर सेंद्रियपणा त्याच्या काही कामाला येत नाही. ज्याला शंका असेल त्यानं घरच्या ग्लुकोमीटरवर बघावं : एक दिवस साखरेचा चहा, एक दिवस तेवढ्याच गुळाचा, एक दिवस बिनगोडाचा. प्रत्येक वेळी तीच वेळ, सोबत बिस्किट नाही. पाटीपेक्षा ते यंत्र खरं बोलतं.

चहाच्या वेळेचा मुद्दा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आहे. चहा-कॉफीतली पॉलिफेनॉल द्रव्यं भाजी-भाकरीतलं लोह शरीरात नीट शोषू देत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आणि आपल्याकडं बाई काय करते? सकाळी सगळ्यांचं करून झालं की उभ्यानं चहा-चपाती खाते आणि रानात किंवा कामावर जाते. दुपारी जेवण झालं की पुन्हा अर्धा कप. मेथीची भाजी केली, तिच्यावर चहा ओतला. खाल्लेलं लोह पुरतं अंगी लागत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शनात जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळा असं सांगितलं, दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन नको असंही. १५० मिलिलिटर चहात साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम, गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असतं. हिशेब सोपा आहे. चहा सोडा असं कुणी म्हणत नाही, जेवणापासून लांब न्या एवढंच. ही एक सवय बदलली तर जो फरक पडेल तो महागाच्या ऑरगॅनिक ग्रीन टीनं पडायचा नाही. तो ग्रीन टी जेवणावर प्यायला तर हाच घोळ करतो.

कॅफीन सगळ्यांना सारखं सोसतही नाही. एखादे आजोबा रात्री दहाला कप रिचवून पाच मिनिटांत घोरायला लागतात, आणि त्यांच्याच सुनेला चारनंतर चहा घेतला की बारापर्यंत छत मोजावं लागतं. शरीर कॅफीन किती वेगानं बाहेर टाकतं यात माणसामाणसांत मोठा फरक असतो आणि गरोदरपणात तो वेग आणखी मंदावतो. इथं कुणाचं ऐकायचं? आपल्या झोपेचं.

काढ्यांबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. २०२० साली आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका यांचा काढा सुचवला. घरोघरी तो सुरू झाला, कोविड सरला तरी अनेक घरांत उरला, आणि त्यात गुळवेल, ज्येष्ठमध, हळद अशी भर पडत गेली. सर्दी-खोकल्यात चार दिवस घ्यायच्या गोष्टी आपण बारमाही करून टाकल्या. ज्येष्ठमध रोज भरपूर घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांसाठी हे चांगलं नाही. बाजारात स्वस्त मिळणारी जाड सालीची दालचिनी बहुतेक वेळा कॅसिया असते, तिच्यातलं कुमारिन हे द्रव्य जास्त झालं की यकृताला त्रास होतो. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयानं ती नोंद नाकारली, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते असं म्हटलं. वाद मिटो न मिटो, ज्याला यकृताचा त्रास आहे त्यानं तो स्वत:वर मिटवून बघू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हळदीच्या कॅप्सूल घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. भाजीतली चिमूट वेगळी, डबीतली गोळी वेगळी. यातलं एकही 'सेंद्रिय' असण्या-नसण्यानं बदलत नाही.

आयुर्वेदाच्या नावानं हे विकणारे आयुर्वेदातली सगळ्यात शहाणी गोष्टच गाळतात. प्रकृती, ऋतू, वय, भूक बघून द्यायचं, एकाला लागू पडलं ते दुसऱ्याला बाधू शकतं, हा त्या शास्त्राचा पाया आहे. पाकिटावर मात्र 'सर्वांसाठी, रोज, दोन चमचे'.

आपल्या भागात गरम पिण्याच्या गोष्टी काय कमी होत्या? परसातला गवती चहा, सुंठ घातलेलं पाणी, मुगाचं कढण, आणि माझं आवडतं हुलग्याचं माडगं. भाजलेल्या हुलग्याचं पीठ पाण्यात कालवून उकळायचं. कुणी लसूण-जिऱ्याची फोडणी देतं, कुणी गूळ-सुंठ घालतं. थंडीत संध्याकाळी वाडगाभर प्यायलं की जेवणाची घाई राहत नाही. प्रथिनं मिळतात, कॅफीन शून्य. पण तेही सगळ्यांना मानवत नाही. ज्याला पित्ताचा त्रास आहे तो दुसऱ्या दिवशी कपाळ धरून बसतो, कुणाचं पोट फुगतं. म्हणून परंपरेची पाटीही मी डोळे मिटून घ्यायला तयार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन आठवडे बघायचं : झोप, पोट, आंबट ढेकर, डोकेदुखी. चहा बंद, दूध बंद, काढा सुरू असं सगळं एकाच सोमवारी केलं तर कशानं बरं वाटलं हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. आणि काहीही प्या, जीभ भाजेल इतकं कडक पिऊ नका. ६५ अंशांच्या वरची पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये म्हटलं आहे. टपरीवर कप हातात आला की दोन मिनिटं राजकारण बोलावं, मग प्यावं.

हे झालं आपलं काम. पण पहिलं काम आपलं नाही, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून हा लेख.

बाजार समित्या रोज दर जाहीर करतात. हळद इतकी, गूळ इतका, बेदाणा इतका. त्याच फलकावर महिन्यातून एकदा तपासणीचे निकाल का नकोत? शेतकऱ्याचं नाव नको. माल, सापडलेलं रसायन आणि मर्यादेत की बाहेर, एवढं पुरे. अन्न व औषध प्रशासन दिवाळीच्या तोंडावर खवा-मिठाईवर छापे टाकतं, फोटो येतात, पुढं सामसूम. कृषी मंत्रालयाची कीडनाशक अंश तपासण्याची राष्ट्रीय योजना आहे आणि तिच्यात बहुतांश नमुने मर्यादेत निघतात. चांगलीच गोष्ट आहे. मग तीच चांगली बातमी मिरजेच्या मंडईत मिरजेच्या मालाबद्दल मिळू दे, म्हणजे बाकीच्या थोड्या मालाकडं बोट दाखवता येईल.

यानं शेतकरी मरेल, असं लगेच म्हटलं जाईल. द्राक्षवाल्यांचा अनुभव तसा नाही. २०१० चा फटका जबर होता, पण तपासणी लागू झाल्यावर सल्ला आला, औषधांच्या याद्या आल्या, काढणीआधी थांबायचे दिवस ठरले आणि निर्यात टिकली. भाजीवाल्या मावशींना मात्र आजवर कुणी सल्ला दिलेला नाही. त्यांना औषध दुकानदार सांगतो, आणि तो काय सांगणार? पहिली दोन वर्षं दंड नको, फक्त निकाल आणि सल्ला द्या.

दुसरा आक्षेप पैशाचा. सगळी पोती तपासायला कुणी सांगत नाही. महिन्याला २० नमुने अचानक उचला, नमुन्याला ५,००० रुपये धरा, तर वर्षाचे १२ लाख होतात. बाजार समितीच्या निवडणुकीत खाणाऱ्याला मत नाही, त्यामुळं तिथं हे कुणी मांडेल अशी आशा मी धरत नाही. पण जिल्हा नियोजन समितीचा निधी सगळ्यांचा आहे, आणि त्यातून काय मागायचं हे आमदारांना आणि जिल्हा परिषद सदस्यांना सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. १२ लाखांत आजकाल गावाच्या वेशीवरची बरी स्वागतकमानही उभी राहत नाही.